घेण्याची तारीख आणि देण्याची तारीख

चि. …,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेल्या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देऊन मी मोकळा झालो असतो, पण ते उत्तर तू पुढच्या बैठकीत वापरले असतेस आणि तोंडघशी पडली असतीस. म्हणून हे पत्र. भूसंपादन अधिकारी म्हणून तुझी पहिलीच नेमणूक, रस्त्याचा पहिलाच प्रकल्प. बाजारमूल्याच्या चौपट मोबदल्याचा तक्ता घेऊन तू गावात गेलीस, तर लोकांनी तो पाहायलाही नकार दिला, भूमापकांना बांधावरूनच परत पाठवले आणि दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीसमोर धरणे धरले. "सर, मी त्यांच्या फायद्याचेच सांगत होते, तरी त्यांना माझा एवढा राग का?" असे तू म्हणालीस. तो राग तुझ्यावर नाही, हे आधी समजून घे. तू त्या गावात पोचण्याच्या कितीतरी आधी तुझ्या खुर्चीने तिथे बरेच काही करून ठेवलेले आहे आणि लोकांनी त्याचा हिशेब ठेवलेला आहे.

कचेरीत तुला या अविश्वासाची तयार कारणे मिळतील. बाहेरची माणसे येऊन भडकवतात, लोकांना कायदा कळत नाही, त्यांना दर वाढवून हवा आहे, हा तालुकाच आंदोलनांचा आहे, इत्यादी. या प्रत्येक कारणात थोडेफार तथ्य असते, पण यांतले एकही कारण आपल्याकडे बोट दाखवत नाही, आणि त्यामुळेच ती इतकी लोकप्रिय आहेत. महसूल खात्यातली माझी बरीच नोकरी भूसंपादन आणि पुनर्वसन याच दोन शाखांत गेली. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, सरकार घेते तेव्हा त्याला तारीख असते आणि देते तेव्हा तारीख नसते, हे लोकांनी पिढ्यान्पिढ्या पाहिले आहे. अविश्वासाचे मूळ मला तिथे दिसते. सरकार जितके मोठे आणि जितके दूर, तितके या दोन तारखांमधले अंतर वाढत जाते.

तू भूसंपादनाचा २०१३ चा कायदा वाचून आली आहेस. आमची हयात १८९४ च्या कायद्यात गेली, आणि गावातल्या साठीच्या पुढच्या माणसाच्या मनात अजूनही तोच कायदा चालू आहे. त्या कायद्यात घेण्याची व्यवस्था अतिशय नेटकी होती. कलम ४ ची अधिसूचना राजपत्रात, दोन वर्तमानपत्रांत आणि चावडीवर. मग कलम ६ ची घोषणा, कलम ९ च्या नोटिसा, कलम ११ चा निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश, आणि त्यानंतर ताबा. निकड असेल तर कलम १७ लावायचे, म्हणजे नोटिशीनंतर पंधरा दिवस झाले की निवाड्याची वाट न पाहता ताबा घेता येई आणि हरकतींची सुनावणीही वगळता येई. निकड आहे की नाही हे सरकारच ठरवणार. आता याच कागदांच्या गठ्ठ्यात पर्यायी जमीन, नोकरी, पुनर्वसित गावठाणातील सुविधा यांची तारीख शोधून पाहा. ‘यथावकाश’, ‘शासनस्तरावर विचाराधीन’, ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ असे शब्द सापडतील.

घेणाऱ्या बाजूचा नेटकेपणा प्रत्यक्षात कसा दिसे, ते एका छोट्या गोष्टीवरून सांगतो. निवाड्यानंतर रकमेचे वाटप बहुधा शाळेच्या व्हरांड्यात होई. टेबलावर कारकून बसे, तो छापील पावती पुढे सरकवी, तिच्यावर महसुली तिकीट आधीच चिकटवलेले असे, शेतकरी सही करी किंवा अंगठा उठवी आणि धनादेश घेऊन पायरी उतरे. त्या कायद्याच्या कलम ३१ मध्ये एक अट होती: रक्कम ‘अंडर प्रोटेस्ट’, म्हणजे हरकत राखून, स्वीकारली नसेल, तर कलम १८ खाली न्यायालयाकडे वाढीव मोबदला मागण्याचा हक्क संपतो. पावतीवर असे काही लिहायला मोकळी ओळ नसे, आणि ते लिहावे असे टेबलामागच्या कोणी सांगत नसे. ज्याचा भाचा किंवा जावई तालुक्याला वकिली करी, तो सहीखाली ते दोन शब्द लिहून जाई. काही वर्षांनी न्यायालय त्याचा मोबदला वाढवून देई आणि बांधाच्या अलीकडे एक भाव, पलीकडे दुसरा, असे चित्र उभे राही. १९८४ च्या दुरुस्तीने कलम २८-अ घालून यावर थोडा उपाय केला. शेजाऱ्याला न्यायालयात वाढ मिळाली तर तीन महिन्यांच्या आत अर्ज करून इतरांनाही ती मागता येऊ लागली. पण न्यायालयाचा निकाल लागला हे गावाला तीन महिन्यांत कळवायचे कोणी, याबद्दल कायदा गप्प होता. यात कोणी लाच खाल्लेली नाही, कोणी नियम मोडलेला नाही, सगळी दप्तरे स्वच्छ आहेत. तरीही ज्याने मुकाट्याने सही केली तो फसला, आणि ज्याने सरकारवर संशय घेतला त्याला चार पैसे जास्त मिळाले. अशा वाटपातून गाव काय शिकेल, याचा तूच विचार कर.

हे मुळशीपासून चालत आले आहे. १९२१ साली रामनवमीच्या दिवशी मावळ्यांनी टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला, तेव्हा जमिनी रीतसर ताब्यात येण्याआधीच शेतांत खोदाई सुरू झालेली होती. वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती, पाणी मुळा-निळेच्या खोऱ्यातले होते, आणि बुडणारी भातखाचरे ज्यांची होती त्यांना कोणी विचारले नव्हते. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा आणि पांडुरंग महादेव बापट यांना तिथून लाभलेले सेनापतिपद शाळेच्या पुस्तकातून तुला ठाऊक आहे. पुस्तकात सहसा नसते ते असे, की त्या वेळच्या कायद्यात ‘जमीन मुळात घेऊच नका’ अशी हरकत ऐकण्याची तरतूदच नव्हती. किती पैसे, एवढ्यावरच भांडता येई. कलम ५-अ, म्हणजे हरकतींच्या सुनावणीचे कलम, १९२३ मध्ये घातले गेले. ज्या प्रश्नाला कचेरीत खिडकीच नव्हती, तो प्रश्न घेऊन माणसे धरणाच्या पायात जाऊन बसली, यात मला तरी उर्मटपणा दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्य आपले झाले, त्यामुळे लोकांची अपेक्षा वाढली आणि निराशाही. कोयनेचे धरण साठच्या दशकात उभे राहिले आणि राज्याचा पहिला पुनर्वसन कायदा १९७६ साली आला. म्हणजे माणसे आधी उठवली आणि त्यांचे काय करायचे याचा नियम नंतर लिहिला. खोऱ्यातली कुटुंबे ठाणे, रायगड, सोलापूर, सांगलीकडे विखुरली, आणि त्यांची नातवंडे अजून ‘प्रकल्पग्रस्त’ या शब्दाखाली आंदोलनाला बसतात. पुढे १९८६ आणि १९९९ चे पुनर्वसन कायदे आले, लाभक्षेत्रात, म्हणजे धरणाचे पाणी मिळणाऱ्या भागात, स्लॅबप्रमाणे, म्हणजे धारणेच्या टप्प्यांनुसार, शेतकऱ्यांची जमीन काढून धरणग्रस्तांना द्यायची पद्धत आली, पर्यायी जमीन हवी असेल तर मोबदल्यातली ६५ टक्के रक्कम सरकारजमा करण्याची अट आली, आणि नव्या गावठाणात १८ नागरी सुविधा देण्याचे बंधन आले.

कागदावर हे सारे चांगलेच आहे. प्रत्यक्षात काय झाले ते पाहायचे असेल तर एखाद्या सुटीच्या दिवशी सरकारी गाडी न घेता सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही पुनर्वसित गावठाणात जा. समाजमंदिर असेल, त्यावर उद्घाटनाची पाटी असेल, स्मशानभूमीची शेड असेल, पाण्याची टाकीही असेल. टाकीत पाणी येते का, ते विचार. मग सुविधांच्या हस्तांतरणाचा कागद माग. अठराच्या अठरा सुविधा पूर्ण झाल्याची नोंद त्यात बहुधा सापडेल, कारण ती नोंद झाल्याशिवाय प्रकल्पाचा हिशेब बंद होत नाही. ६५ टक्के रक्कम भरूनही जमीन न मिळालेली माणसे भेटतील, आणि जमीन मिळाली पण तिच्या मूळ मालकाने स्थगिती आणल्यामुळे नांगर घालता येत नाही अशीही भेटतील. स्लॅब पद्धतीत एका शेतकऱ्याला उठवून त्याचे देणे दुसऱ्या शेतकऱ्याच्या जमिनीतून फेडायचे असते. ते दोघे कोर्टात एकमेकांसमोर उभे राहतात आणि सरकार तिसऱ्या बाकावर बसून पुढची तारीख घेते.

आपल्या खात्याचे एक वैशिष्ट्य तुला लवकरच कळेल, ते म्हणजे आपल्याला स्मरण नसते. दोन-तीन वर्षांनी तुझी बदली होईल, नव्या अधिकाऱ्याला तू काय बोललीस ते माहीत नसेल, आणि बैठकीच्या इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा झाली’ एवढेच असेल. गावाला मात्र ज्या साहेबाने झाडाखाली उभे राहून शब्द दिला त्याचे नाव, गाडीचा रंग आणि त्या दिवशी पाऊस होता की नाही, हेही आठवत असते. गेल्या तीस वर्षांत आलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याने जे सांगितले त्याची बेरीज होऊन गावाला एकच सरकार दिसते. आपल्याला मात्र वाटते, की आपण आजच आलो आणि आपली पाटी कोरी आहे.

आता लोक रस्त्यावर का येतात, या तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. माझे उत्तर तुला कदाचित आवडणार नाही. रस्त्यावर यायला त्यांना आपणच शिकवले. सिडको या सरकारी शहर-विकास महामंडळाची स्थापना १९७० ची. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. शेतकऱ्यांनी अर्ज केले, निवेदने दिली, शिष्टमंडळे नेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटले, १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला, पाच माणसे गेली, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. त्या योजनेचे श्रेय आपण धोरणाला देतो. उरणमधला माणूस ते पाच हुतात्म्यांना देतो. अर्जाने जे मिळाले नाही ते रक्ताने मिळाले, ही नोंद एकदा समाजाच्या वहीत झाली की ती सहजी खोडता येत नाही.

नाशिकच्या आदिवासी शेतकऱ्यांचे उदाहरण तर तुझ्या काळातले आहे. ६ मार्च २०१८ रोजी किसान सभेचा मोर्चा नाशिकहून पायी निघाला आणि जवळपास १८० किलोमीटर चालून १२ तारखेला मुंबईत आझाद मैदानावर पोचला. दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून पार केला, आणि सोलून निघालेल्या तळव्यांची छायाचित्रे सगळ्या देशाने पाहिली. मुख्य मागणी काय होती? २००६ च्या वनहक्क कायद्याची अंमलबजावणी, म्हणजे संसदेने आधीच मंजूर केलेली गोष्ट. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी वनजमीन कसतो ती नावावर व्हावी, एवढेच ते म्हणत होते. दावे वर्षानुवर्षे पडून होते किंवा कसत असलेल्या जमिनीचा एखादा तुकडाच मंजूर होत होता. मोर्चा मुंबईत आल्यावर सरकारने लेखी आश्वासन दिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये तीच माणसे पुन्हा निघाली, आणि मार्च २०२३ मध्ये पुन्हा एकदा दिंडोरीहून निघून वाशिंदपर्यंत चालत आली. या सगळ्या वर्षांत मंत्रालयातले पक्ष बदलले. मागण्यांच्या कागदावर वनजमीन कायम राहिली. एवढे सगळे पाहिल्यावर त्या शेतकऱ्याने तुझ्या ‘अर्ज करा, आम्ही पाहतो’ या वाक्यावर का विसंबावे, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

मावळची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सांगताना मला अजून त्रास होतो. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी न्यायचे होते. अभियांत्रिकीच्या दृष्टीने योजना चुकीची म्हणता येणार नाही. नदीतून वाहताना वाया जाणारे आणि घाण होणारे पाणी वाचले असते. पण धरण होऊन चार दशके होत आली तरी त्याच धरणाच्या विस्थापितांचे पुनर्वसन अपुरे होते, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत शहरासाठी पुन्हा खोदाई होणार होती. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर शेतकरी उतरले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तीन जण मृत्यू पावले. योजनेला स्थगिती मिळाली आणि दहा वर्षांहून अधिक काळ ती तशीच राहिली. जुने देणे फेडायला जितका खर्च आला असता, त्याच्या कितीतरी पट नुकसान त्या स्थगितीने केले असेल, असे मला वाटते. हिशेब कोणी मांडलेला नाही.

तू म्हणशील, २०१३ च्या कायद्याने हे सगळे बदलले. बरेच बदलले, हे खरे. मोबदला वाढला, दिलासा रक्कम, म्हणजे जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची जादा रक्कम, शंभर टक्के झाली, सामाजिक आघात मूल्यांकन आले, खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के कुटुंबांची संमती आवश्यक ठरली. हा कायदा १ जानेवारी २०१४ ला लागू झाला, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला वटहुकूम काढून पाच प्रकारच्या प्रकल्पांना संमती व मूल्यांकनातून सूट दिली गेली. तो वटहुकूम पुन्हा पुन्हा काढून अखेर ऑगस्ट २०१५ मध्ये सोडून द्यावा लागला. ११९ वर्षांनी दिलेले एका वर्षात परत घेण्याचा प्रयत्न झाला, हे शेतकरी विसरलेला नाही, मग त्याला कलमांचे क्रमांक माहीत असोत वा नसोत.

पैशाचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तू तक्ता घेऊन गेलीस ती याच समजुतीने की दर सांगितला की विरोध विरघळेल. कधी कधी तसे होतेही. समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरसाठी आधी भूसंचयाची, म्हणजे जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देण्याची, योजना आणली तेव्हा गावोगाव विरोध झाला. पुढे थेट खरेदीचा मार्ग धरला आणि खरेदीखतापाठोपाठ रक्कम खात्यात जमा होऊ लागली, तसा तो बराचसा ओसरला. माझ्या मते तिथे दराइतकाच परिणाम रक्कम हाती पडण्याच्या वेळेने केला: सही आणि पैसा यांच्यात ‘यथावकाश’ नव्हते. पण याच अनुभवाच्या भरवशावर नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग पुढे केला, तर कोल्हापुरात ऊस पिकवणाऱ्या, थोडकी पण बागायती जमीन असलेल्या शेतकऱ्यांनी वेगळाच प्रश्न विचारला: रत्नागिरी-नागपूर महामार्ग असताना हा रस्ता मागितला कोणी? या प्रश्नाचे उत्तर मोबदल्याच्या तक्त्यात नसते. प्रकल्प ठरला, आखणी झाली, मग गावाला कळले, हा क्रमच त्यांना मान्य नसतो.

कोकणात या क्रमाला राजकारणाचीही जोड मिळाली. २०१७ मध्ये नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी अधिसूचना निघाली, २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर ती रद्द झाली, आणि २०२२ मध्ये त्याच राजापूर तालुक्यातील बारसूचे नाव राज्याने केंद्राला कळवले. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या सड्यावर माती परीक्षणाची यंत्रे मोठ्या पोलीस बंदोबस्तात चढली, आणि भर उन्हात बायका कातळावर आडव्या झाल्या. आपल्या सातबाऱ्यावर ती जमीन पोटखराब, म्हणजे लागवडीस अयोग्य. त्यांच्या लेखी ती गुरांची चराई, पावसाळ्यातले पाणी धरून ठेवणारी जागा आणि पूर्वजांनी कोरलेल्या कातळशिल्पांची भूमी. विरोधात असताना आंदोलकांच्या मांडवात बसायचे आणि सत्तेत आल्यावर अधिसूचनेवर सही करायची, हे कोकणाने जवळजवळ सगळ्या पक्षांकडून पाहिले आहे. पक्षावरून उडालेला विश्वास शेवटी तुझ्या आणि माझ्यासारख्या नोकरांवरूनही उडतो. लोक सरकारचे असे भाग पाडून पाहत नाहीत.

या सगळ्यावरून लोकांना सरकार नको आहे असा निष्कर्ष काढू नकोस. असे म्हणणारे शहरात पुष्कळ भेटतील, खेड्यात मला क्वचितच भेटले. तिथे शाळेत शिक्षक हवा, एसटी वेळेवर हवी, रेशन पुरे हवे, धरणाचे आवर्तन पेरणीआधी हवे, अशीच मागणी असते. म्हणजे सरकार जास्तच हवे असते. १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली रोजगार हमी बघ. ‘मागेल त्याला काम’ ही नुसती घोषणा राहिली नाही. १९७७ च्या कायद्याने मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम देणे सरकारवर बंधनकारक केले, नाहीतर बेकारी भत्ता. हजेरीपटावर खोटी नावे चढली, खडी फोडणाऱ्या बायकांची मजुरी रखडली, त्यावरही मोर्चे निघाले. पण ते मोर्चे योजना बंद करा म्हणून नव्हते, कायद्यात आहे तसे काम द्या म्हणून होते. माहिती अधिकाराला ३० दिवसांची मुदत आहे, लोकसेवा हक्क कायद्यात प्रत्येक दाखल्याला मुदत आहे. जिथे कायद्याने तारीख सरकारच्या गळ्यात बांधली, तिथे सामान्य माणूस भांडत-भांडत का होईना सरकारच्या दारात येतो. जिथे तारीख फक्त त्याच्याच गळ्यात असते, तिथे तो दगड होऊन बसतो.

आंदोलन करणारे नेहमी बरोबरच असतात, असेही मी म्हणत नाही. प्रकल्पाची कुणकुण लागताच आधी जमिनी घेऊन ठेवणारे दलाल कधी विरोधाच्या, कधी पाठिंब्याच्या मागे उभे असतात. काही नेत्यांना प्रश्न सुटण्यापेक्षा चालू राहण्यात रस असतो, आणि अफवा तर तुझ्या नोटिशीच्या आधी गावात पोचते. पण अफवा चालते ती अधिकृत माहितीची जागा रिकामी असते म्हणून. पर्यावरणाच्या जनसुनावणीचे घे. २००६ च्या अधिसूचनेनुसार अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो आणि किमान तीस दिवसांची सूचना द्यावी लागते. सारांश मराठीत येतो, मूळ अहवाल शेकडो पानांचा इंग्रजीत असतो, आणि त्या सारांशाचे मराठी असे असते की ते वाचून गावातला शिक्षकही हात टेकतो. मग कोणीतरी उभा राहून सांगतो की आपल्या विहिरी आटणार, आणि लोक त्याचे ऐकतात, कारण निदान तो त्यांना कळेल असे बोलतो.

आता पुढच्या बैठकीचे. मोबदल्याचा तक्ता या वेळी नेऊ नकोस. त्याऐवजी त्या गावातून आणि शेजारच्या दोन-तीन गावांतून आजवर काय काय घेतले गेले, कालवा, पाझर तलाव, विजेचे मनोरे, औद्योगिक वसाहत, ते सगळे शोधून काढ. प्रत्येकाचा निवाडा काढून बघ, त्यातले किती पैसे अजून दिलेले नाहीत, किती जणांच्या कमी-जास्त पत्रकाचा, म्हणजे क्षेत्रातील बदलाच्या कागदाचा, अंमल सातबाऱ्यावर झालेला नाही, किती जणांचे प्रकल्पग्रस्ताचे दाखले अडकलेले आहेत, याची यादी कर. पाच टक्के समांतर आरक्षणाचा लाभ त्या दाखल्याशिवाय मिळत नाही, आणि ज्याच्या घरात वय उलटत चाललेला मुलगा बसला आहे त्याच्यासमोर तू नव्या रस्त्याचे फायदे सांगत होतीस. यातल्या ज्या गोष्टी तुझ्या आणि तहसीलदारांच्या अधिकारात आहेत त्या बैठकीआधी करून टाक आणि फेरफाराच्या प्रती घेऊनच गावात जा. ज्या तुझ्या अधिकारात नाहीत त्या कोणाच्या अधिकारात आहेत ते पदनामासह लेखी दे. ‘वर पाठवले आहे’ असे तोंडी सांगू नकोस, जावक क्रमांक दे.

बैठकीचे इतिवृत्त तिथेच लिही आणि उठण्याआधी मोठ्याने वाचून दाखव. ‘ग्रामस्थांनी विरोध दर्शविला’ असे न लिहिता कोण काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिही, शिव्या सोडून. संयुक्त मोजणीत विहीर, जलवाहिनी, फळझाडे आणि गोठे सुटतात, आणि नंतर ती नोंद करून घेण्यासाठी म्हाताऱ्या माणसांना तालुक्याला खेटे घालावे लागतात; म्हणून मोजणी पत्रकाची प्रत प्रत्येक खातेदाराच्या हातात देऊन त्याच दिवशी हरकत लिहून घे. मोबदला कमी वाटला तर असे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे दाद कशी आणि किती दिवसांत मागायची, याचा एक साध्या मराठीतला कागद काढ आणि रक्कम घेताना तो सोबत दे. असे केले तर दावे वाढतील, अशी शंका तुझ्याच कार्यालयातून निघेल. वाढू देत.

जमावबंदीचा आदेश, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो तो, मोजणीच्या आदल्या रात्री काढण्याचा सल्ला तुला हमखास मिळेल. तो आदेश निघाला की गावातली जी माणसे अजून तुझ्याशी बोलायला तयार आहेत त्यांना बोलणे अवघड होते, कारण बंदोबस्तात येणाऱ्या अधिकाऱ्याशी चहा घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी फितूर ठरतो. पोलीस निरीक्षकांना विश्वासात घे, वाहन दूर उभे राहू दे, आणि पहिल्या दिवशी तू स्वतः दोन भूमापकांना घेऊन पायी जा. लोकांनी अडवले तर परत ये. मोजणी लांबली म्हणून वरून विचारणा होईल. उत्तर लेखी दे आणि त्याला प्रलंबित देण्यांची यादी जोड, म्हणजे उशीर नेमका कुठे झाला आहे हे त्या नस्तीतच राहील आणि तुझ्यानंतर येणाऱ्यालाही सापडेल.

जुन्या निवाड्यांचे क्रमांक अभिलेख कक्षात संगणकावर मिळणार नाहीत. भूसंपादनाच्या नोंदवह्या वर्षवार लावलेल्या असतात आणि प्रकल्पाचे नाव बऱ्याचदा जुन्या योजनेच्या नावाने असते. ते न सापडल्यास मला कळव, त्या तालुक्यातल्या बऱ्याच योजनांची जुनी नावे मला आठवतात. धरणाची प्रकरणे असतील तर संकलन रजिस्टर, म्हणजे विस्थापित कुटुंबांची नोंदवही, मूळ प्रतीत पाहा, टंकलिखित प्रतीवर विसंबू नकोस, कारण वाढीव कुटुंबांची नावे नक्कल करताना गळलेली असतात.

यादी झाली की पाठव. कळावे.

तुझा,
…